दूरसंवेदनाधारित धूळ व हवा गुणवत्ता पूर्वानुमान

दूरसंवेदनाधारित धूळ व हवा गुणवत्ता पूर्वानुमान ही वातावरणविज्ञानाची एक उपयोजित शाखा आहे. कृत्रिम उपग्रहांनी व जमिनीवरील उपकरणांनी दुरून घेतलेली निरीक्षणे, वातावरणाची संगणकीय प्रतिमाने आणि विदाविज्ञानाच्या, म्हणजेच डेटा सायन्सच्या पद्धती यांचा मेळ घालून एखाद्या प्रदेशातील हवेत पुढील काही तासांत किंवा दिवसांत किती धूळ व प्रदूषक असतील, याचा अंदाज या शाखेत बांधला जातो. अशा अंदाजांची मुदत सामान्यतः ३ ते ५ दिवस असते. काही यंत्रणा १० दिवसांपर्यंतचा कल सांगतात. आरोग्यविषयक इशारे, विमान व रस्ते वाहतूक, सौर ऊर्जेचे नियोजन आणि शहरांतील बांधकाम किंवा वाहनांवर घातले जाणारे तात्पुरते निर्बंध यांसाठी त्यांचा उपयोग होतो. भारतात या विषयावरील बरेचसे काम पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत झाले आहे.

संज्ञा आणि मोजमाप

हवेत तरंगणाऱ्या घन वा द्रव सूक्ष्मकणांना वायुकलिल किंवा एरोसॉल म्हणतात. वाळवंटी धूळ, समुद्री मीठ, काजळी, धूर, सल्फेट व नायट्रेट ही त्याची प्रमुख रूपे होत. आरोग्याच्या दृष्टीने कणांची वर्गवारी आकारावरून करतात. १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण पीएम २.५ या नावाने ओळखले जातात. मानवी केसाची जाडी सुमारे ५० ते ७० मायक्रोमीटर असते, यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. उडालेल्या धुळीचा मोठा वाटा पीएम १० मध्ये, तर ज्वलनातून निघणाऱ्या कणांचा मोठा वाटा पीएम २.५ मध्ये मोडतो. त्यामुळे या दोहोंच्या परस्पर प्रमाणावरून हवा धुळीने बिघडली आहे की धुराने, हे पुष्कळदा ओळखता येते.

मराठीत धुके, धुरके आणि धुरळा असे तीन निराळे शब्द आहेत, आणि शास्त्रीय दृष्ट्याही हा भेद योग्य आहे. धुके जलबिंदूंचे असते, धुरके धूर व धुके यांच्या मिश्रणाचे, आणि धुरळा जमिनीवरून उडालेल्या मातीचा. उघड्या डोळ्यांना तिन्ही सारखीच करडी दिसतात. उपग्रहालाही ती सहजासहजी वेगळी ओळखू येत नाहीत, आणि या शाखेतील बराच खटाटोप हा भेद करण्यासाठीच असतो.

भारतात २००९ च्या मानकांनुसार २४ तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम २.५ साठी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम व पीएम १० साठी १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ व ४५ मायक्रोग्रॅम आहेत. २०१५ पासून लागू झालेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक ० ते ५०० या पट्टीवर हवेच्या सहा श्रेणी ठरवतो. निरनिराळ्या देशांच्या पट्ट्या सारख्या नाहीत, ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवणे इष्ट. पीएम २.५ चे प्रमाण ६० मायक्रोग्रॅम असता भारतीय निर्देशांक १०० येतो व हवा ‘समाधानकारक’ ठरते. त्याच हवेचा अमेरिकी पट्टीवरील निर्देशांक १५० च्या वर जाऊन ती ‘आरोग्यास अपायकारक’ ठरते. भ्रमणध्वनीवरील दोन उपयोजने एकाच वेळी दोन निराळे आकडे दाखवतात, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

उपग्रहाला काय दिसते

उपग्रह धूळ थेट मोजत नाही. सूर्यप्रकाश वातावरणातून जाताना कणांमुळे विखुरतो व काही अंशी शोषला जातो. परावर्तित होऊन परत आलेल्या प्रकाशात त्यामुळे पडलेला फरक उपग्रहावरील उपकरण टिपते. त्यावरून वायुकलिलाची प्रकाशीय जाडी ही राशी काढली जाते. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभात मिळून प्रकाशाला किती अडथळा झाला, हे ती राशी सांगते. ०.१ च्या आसपासचे मूल्य स्वच्छ आकाशाचे, तर १ वा त्याहून अधिक मूल्य दाट धुळीचे अथवा धुराचे लक्षण समजतात.

या ठिकाणीच या विषयातील मूलभूत अडचण आहे. उपग्रह संपूर्ण स्तंभ पाहतो. माणूस मात्र त्या स्तंभाच्या तळाशी, जमिनीपासून दीड-दोन मीटरवरच्या हवेत श्वास घेतो. उन्हाळ्यातील दुपारी जमीन तापून हवा २ ते ३ किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते व कण तेवढ्या जाडीत पसरतात. हिवाळ्यातील रात्री हाच मिश्रणाचा थर काहीशे मीटरवर येतो आणि तेवढेच कण जमिनीलगत कोंडले जातात. स्तंभातील एकूण कण सारखेच असले, तरी नाकाशी येणारे प्रमाण कित्येक पटींनी बदलते. दमट हवेत काही कण पाणी शोषून फुगतात. ते उपग्रहाला मोठे दिसतात, परंतु त्यांचे कोरडे वस्तुमान तेवढेच राहते. थारच्या वाळवंटातून आलेला धुळीचा पट्टा कधीकधी दोन-तीन किलोमीटर उंचीवरून निघून जातो आणि खालच्या गावातील मापकावर त्याची नोंदही होत नाही. म्हणून प्रकाशीय जाडीवरून पीएम २.५ काढताना तापमान, आर्द्रता, वारा व मिश्रण थराची उंची यांची जोड द्यावी लागते.

स्तंभातील कणांची उंची कळण्यासाठी लायडार हे उपकरण वापरतात. २००६ मध्ये सोडलेला अमेरिका व फ्रान्स यांचा कॅलिप्सो उपग्रह लेसरचे स्पंद खाली पाठवून परतणाऱ्या प्रकाशावरून कणांचे उभे छेद काढत असे. धुळीचे कण ओबडधोबड असल्याने परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण बदलते, तर गोल द्रवकणांमुळे ते जवळजवळ तसेच राहते. या एका गुणावरून धूळ आणि धुरके यांतील फरक ओळखता येऊ लागला. कॅलिप्सोचे कार्य २०२३ मध्ये संपले.

चमकदार वाळवंटावर तितकीच चमकदार धूळ कशी ओळखायची, हा प्रश्न बरीच वर्षे सुटला नव्हता. त्यावर तीन उपाय निघाले. अतिनील प्रकाशात वाळवंट गडद दिसते आणि धूळ तो प्रकाश शोषते, हा पहिला उपाय. निळ्या प्रकाशातही वाळूचे परावर्तन कमी असते. यावर आधारलेली ‘डीप ब्ल्यू’ ही पद्धत २००४ मध्ये पुढे आली. तिसरा उपाय अवरक्त प्रारणाचा. सिलिकेटयुक्त धुळीमुळे सुमारे ११ व १२ मायक्रोमीटर तरंगलांबीवरील तापमानांचा फरक नेहमीच्या उलट चिन्हाचा येतो. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांवरून तयार होणाऱ्या धूळदर्शक रंगचित्रात वाळवंटी धूळ गडद गुलाबी दिसते ती याच तत्त्वामुळे. अवरक्त पद्धतीचा विशेष लाभ म्हणजे ती रात्रीही चालते.

ऐतिहासिक आढावा

रॅल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटांतील भ्रमंती आणि वातबोगद्यातील प्रयोग यांवरून वाळू उडण्याचे नियम मांडले. त्याचा वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूवरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजच्या प्रतिमानांतील धूळ उत्सर्जनाची सूत्रे त्याच्याच मांडणीवर उभी आहेत. आफ्रिकेतील धूळ अटलांटिक महासागर ओलांडून जाते, याची दीर्घकालीन नोंद जोसेफ प्रॉस्पेरो यांनी कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर १९६० च्या दशकात सुरू केली.

१९७८ मध्ये सोडलेल्या निम्बस-७ या उपग्रहावरील टॉम्स हे उपकरण ओझोन मोजण्यासाठी होते. धुळीमुळे त्याच्या मोजमापात येणारी खोट पुढे स्वतंत्र माहिती म्हणून वापरात आली. २००२ मध्ये प्रॉस्पेरो व सहकाऱ्यांनी या नोंदींवरून जगातील धुळीच्या उगमस्थानांचा नकाशा मांडला. वाळूच्या टेकड्यांपेक्षा आटलेल्या सरोवरांचे सखल तळ अधिक धूळ देतात, असे त्यातून दिसले. चाड देशातील बोदेले हा खळगा त्यांतील सर्वांत प्रखर. टेरा (१९९९) आणि ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाने पुढे जवळजवळ संपूर्ण पृथ्वीचे दररोज निरीक्षण सुरू केले. या विषयावरील गेल्या दोन दशकांतील संशोधनाचा मोठा भाग मोडिसच्या नोंदींवर अवलंबून आहे.

उपग्रहाचे आकडे तपासून पाहण्यासाठी जमिनीवरून सूर्याकडे रोखलेले प्रकाशमापक लागतात. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० च्या दशकात उभारलेले एरोनेट हे त्यांचे जागतिक जाळे. भारतातील कानपूर येथील केंद्र २००१ पासूनच्या नोंदींसाठी विशेष महत्त्वाचे मानले जाते. पुण्यातही असे केंद्र आहे.

जागतिक हवामान संघटनेने २००७ मध्ये वाळू व धूळवादळांच्या इशाऱ्यांसाठी एक जागतिक यंत्रणा स्थापन केली. तिच्यातील बार्सिलोना येथील केंद्र उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व व युरोपसाठी दररोज धुळीचा अंदाज देते.

धूळ उडण्याचे गणित

धूळ उडण्यासाठी वाऱ्याने एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्याखाली काहीच उडत नाही. तो ओलांडताच मोठे वाळूचे कण उड्या मारत पुढे सरकतात आणि त्यांच्या आघाताने बारीक धूळ मोकळी होऊन वर जाते. हा उंबरठा मातीच्या पोतावर, ओलाव्यावर, गवत-झुडपांच्या आवरणावर आणि वरच्या पापुद्र्यावर ठरतो. नांगरट, गुरांची चराई किंवा वाहनांची ये-जा यांनी पापुद्रा मोडला, की तीच जमीन कमी वाऱ्यातही धूळ देऊ लागते.

उंबरठ्यापलीकडे उत्सर्जन स्थूलमानाने वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, तर धुळीच्या अंदाजात सुमारे ३३ टक्के चूक होते. वाऱ्याचा चांगला म्हणावा असा अंदाजही धुळीसाठी अपुरा पडतो, तो यामुळे.

मेघगर्जनेच्या ढगातून थंड हवेचा लोट खाली आदळून पुढे धावतो, तेव्हा त्याच्या तोंडाशी धुळीची भिंत उभी राहते. सुदानमध्ये तिला हबूब म्हणतात. उत्तर भारतातील आंधीचा एक मोठा प्रकार हाच. असे ढग काही किलोमीटर रुंदीचे असतात, आणि जागतिक प्रतिमानांची चौकट दहा ते चाळीस किलोमीटरची. त्यामुळे ही वादळे त्या जाळीतून निसटतात. ‘आज सायंकाळी या पट्ट्यात आंधीची शक्यता आहे’ एवढे सांगता येते. अमुक गावी अमुक वाजता, हे मात्र दोन-तीन तास आधी रडार व भूस्थिर उपग्रह यांच्या साहाय्यानेच सांगता येते.

प्रतिमाने आणि विदा समावेशन

रासायनिक वहन प्रतिमान वातावरणाची त्रिमितीय चौकटींत विभागणी करते आणि प्रत्येक चौकटीत किती प्रदूषक आले, किती गेले, कोणती रासायनिक क्रिया घडली व किती कण पावसाने किंवा स्वतःच्या भाराने खाली बसले, याचा हिशेब ठेवते. युरोपातील कोपर्निकस वातावरण सेवा अशा प्रतिमानाने दिवसातून दोनदा संपूर्ण जगासाठी ५ दिवसांचा अंदाज प्रसिद्ध करते व तो सर्वांना खुला असतो. लहान प्रदेशांसाठी डब्ल्यूआरएफ-केम हे प्रतिमान अधिक प्रचलित आहे.

हिशेब सुरू करताना आजची स्थिती अचूक ठाऊक असणे आवश्यक असते. उपग्रहाचे निरीक्षण आणि प्रतिमानाचा आधीचा अंदाज हे दोन्ही थोडेफार चुकीचे असतात. कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यांच्या संभाव्य चुकांच्या प्रमाणात ठरवून दोहोंचा मेळ घालण्याच्या क्रियेस विदा समावेशन म्हणतात. ढगांमुळे उपग्रहाला काहीच दिसले नाही, तर तेवढ्या भागात प्रतिमानाचे मत कायम राहते.

कारखाने, वाहने, चुली, वीटभट्ट्या, रस्त्यांवरील धूळ इत्यादींतून दरवर्षी किती प्रदूषक निघतात, याच्या नोंदवहीस उत्सर्जन सूची म्हणतात. ती तयार करण्यास वर्षे लागतात आणि शहर तेवढ्यात बदलते. नवा उड्डाणपूल, बंद पडलेली गिरणी किंवा उपनगरात उठलेली शेकडो बांधकामे सूचीत नसतील, तर उत्तम प्रतिमानही जुन्याच शहराचा अंदाज सांगते. नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंच्या बाबतीत ही उणीव उपग्रहांनी काहीशी भरून काढली आहे. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरण सुमारे ५.५ किलोमीटर लांब व ३.५ किलोमीटर रुंद एवढ्या तुकड्यांत निरीक्षण करते, आणि त्यात मोठी औष्णिक वीज केंद्रे स्वतंत्रपणे ओळखू येतात.

शेतातील पाचट जाळण्याच्या नोंदींतही असा एक पेच आहे. पंजाब व हरियाणातील आगी मोजणारे ध्रुवीय कक्षेतील प्रमुख उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. त्यांनी मोजलेल्या आगींची संख्या अलीकडे बरीच घटली. परंतु दिवसभर पाहणाऱ्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून, पुष्कळ आगी त्या वेळेनंतर लावल्या जात असल्याचे २०२४ मध्ये निदर्शनास आणले गेले. आगी कमी झाल्या असे गृहीत धरणारे प्रतिमान त्या रात्रीचा धूर कमी लेखते.

विदाविज्ञानाचा वापर

मशीन लर्निंग, म्हणजे यंत्रशिक्षणाच्या पद्धती भौतिकीची समीकरणे न सोडवता, पूर्वीच्या नोंदींवरून संबंध शिकतात. प्रकाशीय जाडी, हवामान, जमिनीचा वापर, रस्त्यांची घनता, लोकवस्ती इत्यादी माहिती एका बाजूस आणि जमिनीवरील मापकांचे आकडे दुसऱ्या बाजूस ठेवून संगणकास सराव दिला जातो. निर्णयवृक्षांच्या समूहावर आधारित रँडम फॉरेस्ट व ग्रेडियंट बूस्टिंग या पद्धती आणि कालक्रमाने येणाऱ्या नोंदींसाठी चेतासंस्थेच्या धर्तीवरील जाळी अधिक वापरात आहेत. भौतिक प्रतिमानाची ठरावीक चूक, उदाहरणार्थ हिवाळी पहाटे दरवेळी कमी आकडा सांगणे, दुरुस्त करण्याचे काम या पद्धती उत्तम करतात. त्यांचा सर्वांत निर्धोक उपयोगही बहुधा हाच आहे.

या पद्धतींचे दावे तपासताना काही गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट चाचणीची. एकाच मापकाच्या सोमवार व बुधवारच्या नोंदी सरावाला आणि मंगळवारची नोंद परीक्षेला ठेवली, तर निकाल अर्थातच चांगला लागतो; प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. सरावात मुळीच न घेतलेल्या शहरातील किंवा पुढच्या वर्षाच्या नोंदींवर घेतलेली परीक्षाच ग्राह्य धरावी. दुसरी गोष्ट तुलनेची. ‘उद्याची हवा आजच्यासारखीच असेल’ हा बिनखर्चाचा अंदाज बहुतेक दिवशी बरोबर येतो. त्याच्याहून किती सरस, हे न सांगता दिलेली अचूकतेची टक्केवारी निरर्थक होय. तिसरी गोष्ट अपवादात्मक दिवसांची. धुळीचे वादळ वर्षातून मोजके दिवस येते. ते एकदाही न ओळखणारे प्रतिमानही सरासरीत ‘अचूक’ ठरू शकते, आणि इशाऱ्याची गरज मात्र त्याच दिवशी असते.

हुकलेल्या निरीक्षणांचा प्रश्न याहून अवघड आहे. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते तेव्हा हवा सर्वांत वाईट असते, आणि त्याच दिवसांत उपग्रहाला जमीन दिसत नाही. म्हणजे नोंदी यदृच्छेने नव्हे, तर नेमक्या वाईट दिवशी गहाळ होतात. उरलेल्या निरभ्र दिवसांवर शिकलेले यंत्र हवेला वास्तवापेक्षा चांगले समजते.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी विकसित केलेल्या ‘अरोरा’ या प्रतिमानाविषयीचा शोधनिबंध २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हवामानाच्या विपुल नोंदींवर आधी सराव आणि नंतर कोपर्निकस सेवेच्या नोंदींवर विशेष सराव देऊन ते हवा गुणवत्तेचा ५ दिवसांचा अंदाज अल्प वेळात देते. मात्र त्याचा सराव भौतिक प्रतिमानाच्याच फलितावर झालेला असल्याने मूळ प्रतिमानाचे दोष त्यात उतरण्याचा संभव राहतो.

भारतातील यंत्रणा

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत ‘सफर’ ही हवा गुणवत्ता व हवामान पूर्वानुमान सेवा सुरू केली. पुढे पुणे (२०१३), मुंबई (२०१५) व अहमदाबाद (२०१७) ही शहरे तिच्यात आली. ऑक्टोबर २०१८ पासून दिल्लीसाठी स्वतंत्र पूर्वसूचना यंत्रणा कार्यरत झाली. तिच्यात उपग्रहांची प्रकाशीय जाडी व जमिनीवरील मापकांचे आकडे यांचे समावेशन होते, आणि दिल्ली शहरापुरती चौकट ४०० मीटरपर्यंत लहान करण्यात आली. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या इन्सॅट-३डीआर व २०२४ मध्ये सोडलेल्या ३डीएस या भूस्थिर उपग्रहांची चित्रे दर अर्ध्या तासाने मिळत असल्यामुळे धुळीचा पट्टा सरकताना पाहण्यासाठी ती उपयोगी पडतात.

२ मे २०१८ च्या रात्री राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या आंधीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भरतपूर, धौलपूर, अलवर व आग्रा या भागांत हानी अधिक होती. अनेकांचा मृत्यू घरे, भिंती व झाडे अंगावर कोसळून झाला. त्याच वर्षी जूनच्या मध्यास राजस्थानकडून आलेल्या धुळीने दिल्लीची हवा भर उन्हाळ्यात ‘गंभीर’ श्रेणीत गेली आणि काही दिवस बांधकामे थांबवण्यात आली. पहिली घटना वादळी ढगाची, काही तासांची व प्रतिमानांना अवघड. दुसरी दूरवरून वाहून आलेल्या धुळीची, काही दिवसांची आणि उपग्रहांना स्पष्ट दिसणारी. पूर्वानुमानाची ताकद व दुबळेपणा या दोन घटनांच्या तुलनेत चांगला दिसतो.

दिल्ली व परिसरात टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणारी श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती योजना २०१७ पासून लागू आहे. २०२२ मधील सुधारणेनुसार प्रत्यक्ष आकडा वाढण्याची वाट न पाहता पूर्वानुमानाच्या आधारे तीन दिवस आधीच निर्बंध लावण्याची तरतूद झाली. निर्देशांक ४०० च्या वर जाण्याची चिन्हे दिसली की बहुतांश बांधकामे व पाडकामे थांबतात, मालमोटारींवर बंधने येतात आणि शाळांच्या वर्गांबाबत निर्णय घेतले जातात. त्यामुळे अंदाजाच्या चुकीला थेट किंमत आली. इशारा देऊनही हवा बिघडली नाही, तर रोजंदारीवरील मजुराची मजुरी बुडते. इशारा न देता हवा बिघडली, तर त्याच मजुराला उघड्यावर त्या हवेत दिवसभर काम करावे लागते. दोन्ही चुकांचा भार बहुतांशी एकाच माणसावर पडतो, ही गोष्ट अचूकतेच्या तक्त्यांत दिसत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा सुधारेल या अपेक्षेने कडक टप्पा लागू करण्यास विलंब झाल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने यंत्रणांना धारेवर धरले व संभाव्य वाढीच्या आधीच पावले उचलावीत, असे बजावले. काम बंद असलेल्या काळात बांधकाम मजुरांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता देण्याचे निर्देशही न्यायालयाने राज्यांना दिले. नोंदणी नसलेल्या मजुरापर्यंत असा भत्ता पोहोचणे मात्र कठीणच असते.

महाराष्ट्रातील स्थिती

जानेवारी २०२२ च्या चौथ्या आठवड्यात पाकिस्तानच्या किनाऱ्याकडून निघालेला धुळीचा पट्टा अरबी समुद्रावरून गुजरात, मुंबई व पुण्यापर्यंत आला. मुंबईत दृश्यमानता घटली, दिवसाचे तापमान उतरले आणि वाहनांवर पांढरट धूळ साचली. समुद्राच्या गडद पार्श्वभूमीवर हा पट्टा उपग्रहचित्रांत ठळक दिसत होता. किनाऱ्यावरील शहरालाही वाळवंटी धूळ गाठू शकते, हे या घटनेमुळे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

एरवी राज्यातील शहरांत धूळ मुख्यतः स्थानिक असते: खोदलेले रस्ते, बांधकामे, राडारोडा, उघड्या मालमोटारींतून सांडणारी माती. वाळवंटासाठी रचलेली उत्सर्जनाची सूत्रे या धुळीला लागू पडत नाहीत, कारण ती वाऱ्याने कमी आणि चाकांनी जास्त उडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांवरील धूळ रोखण्यासाठी २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. पत्र्याचे कुंपण, ओले कापड, पाण्याचा फवारा यांची अंमलबजावणी किती झाली, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

मुंबईच्या बाबतीत भूगोलही आड येतो. अरुंद द्वीपकल्पावर उपग्रहचित्राचा एक तुकडा अर्धा जमिनीवर व अर्धा खाडीच्या गढूळ पाण्यावर पडतो, आणि दोन्हींसाठी गणित निराळे असल्याने बरेच तुकडे बाद करावे लागतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे राज्यभर उपग्रहाच्या नोंदी तुटक असतात. त्या काळात पावसाने हवा बरीच धुतली जात असल्याने ही उणीव फारशी जाणवत नाही. हिवाळ्यात समुद्री वारे मंदावले, की त्यांच्या वेळेतील दोन-तीन तासांचा फरकही दिवसाचा अंदाज चुकवतो.

राज्यातील डझनाहून अधिक शहरे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात समाविष्ट आहेत, परंतु अखंड नोंद घेणारे मापक प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावाला भ्रमणध्वनीवर दिसणारा आकडा बहुधा प्रतिमानाचा असतो. प्रत्यक्ष मोजमाप कित्येक किलोमीटर दूर झालेले असते. चुलीचा धूर, उसाचे पाचट व वीटभट्ट्या यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या ग्रामीण कुटुंबांच्या हवेविषयी म्हणूनच सर्वांत कमी पडताळा उपलब्ध आहे. स्वस्त संवेदकांनी ही पोकळी भरता येईल असे सुचवले जाते. ते पीएम २.५ चा चढउतार बरा दाखवतात. दमट हवेत मात्र फाजील आकडा देतात आणि जाड्या धुळीचे कण पुरेसे मोजत नाहीत. प्रमाणित मापकाशेजारी काही काळ ठेवून त्यांची दुरुस्ती केली, तरच ते विश्वसनीय ठरतात.

अलीकडील घडामोडी

दिवसातून एक-दोनदाच वरून जाणाऱ्या उपग्रहांऐवजी दर तासाला निरीक्षण करणारी भूस्थिर उपकरणे आता येत आहेत. दक्षिण कोरियाचे जेम्स (२०२०), अमेरिकेचे टेम्पो (२०२३) आणि युरोपचे सेंटिनेल-४ (२०२५) ही त्यांची मालिका. जेम्सच्या दृष्टिक्षेत्राची पश्चिम सीमा सुमारे ७५ अंश पूर्व रेखावृत्तापाशी असल्याने भारताचा पूर्व व मध्य भाग त्यात येतो, मुंबई व कोकणपट्टी बाहेर राहते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०२२ मध्ये बसवलेले एमिट हे उपकरण शुष्क प्रदेशांतील मातीतील खनिजांचे नकाशे तयार करते; लोहयुक्त तांबूस धूळ उष्णता शोषते व फिकट धूळ ती परत पाठवते, त्यामुळे हा भेद महत्त्वाचा ठरतो. टेरा व ॲक्वा यांच्या कक्षा इंधनाअभावी ढळू लागल्या असून त्यांची जागा २०११ पासून कार्यरत असलेल्या व्हिर्स या उपकरणाच्या मालिकेने घ्यावयाची आहे. मोडिसच्या आकड्यांवर सराव दिलेली प्रतिमाने त्यासाठी नव्याने घडवावी लागत आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १२ जुलै हा वाळू व धूळवादळ प्रतिबंधाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून २०२३ मध्ये घोषित केला आणि २०२५ ते २०३४ हे दशक याच विषयास वाहिले आहे.